शेजाऱ्याच्या तोंडून निघालेलं एक नाव

नववीचा वर्ग होता. तास मराठीचा, पण प्रश्न आला सुदानचा. मागच्या बाकावरच्या एका मुलानं आदल्या रात्री मोबाइलवर अल-फाशिर शहराची क्लिप पाहिली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मारणारे पण मुसलमान, मरणारे पण मुसलमान. मग हे भांडण कशाचं?"

वर्ग शांत झाला. खरं सांगायचं तर आम्हीही गप्प झालो.

तयार उत्तरं दोन आहेत. एक टीव्हीवरच्या चर्चेत मिळतं: हे लोक असेच, यांच्यात शेकडो वर्षांचं वैर, लढायला फक्त निमित्त लागतं. दुसरं आपल्याच बैठकीत मिळतं: सगळं बाहेरच्यांचं कारस्थान, आपले लोक बिचारे भोळे. दुसऱ्या उत्तरात तथ्य नाही असं नाही. सुदानच्या लढाईत बाहेरचा पैसा आहे, बाहेरची शस्त्रं आहेत, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतही आलं आहे. पण शस्त्र बाहेरून आलं तरी अमुक गल्लीतल्या अमुक घराचं दार ठोठवायचं, हे बाहेरच्याला कोण सांगतं? या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे नाही.

त्या मुलाला आम्ही म्हणालो, "आठ दिवस दे, मग बोलू." या आठ दिवसांत आम्ही ज्यांचं काम पुन्हा वाचलं, त्या अभ्यासकाची ओळख वाचकांनाही करून द्यावीशी वाटते, कारण हा प्रश्न आज आपल्या घराघरांत मुलं विचारत आहेत.

स्टाथिस कालिव्हास हे राज्यशास्त्रज्ञ. जन्म १९६४, ग्रीसच्या कोर्फू बेटावर. पदवी अथेन्सची, १९९३ मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएचडी, पुढे बरीच वर्षं अमेरिकेत येल विद्यापीठात अध्यापन आणि २०१८ पासून ऑक्सफर्ड. येलमध्ये त्यांनी व्यवस्था, संघर्ष आणि हिंसा या विषयांसाठी एक स्वतंत्र अभ्यासकेंद्र उभं केलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले अनेकजण आज जगभरच्या गृहयुद्धांवर काम करत आहेत.

गंमत अशी की या माणसाचं पहिलं पुस्तक युद्धावर नाहीच. १९९६ मध्ये आलेलं ते पुस्तक युरोपातल्या कॅथलिक धर्माशी जोडलेल्या पक्षांवर आहे. हे पक्ष कसे जन्मले, चर्चच्या सावलीतून बाहेर पडून लोकशाहीत कसे रुळले, हा त्याचा विषय. तिथून त्यांची नजर अल्जीरियाकडे वळली. डिसेंबर १९९१ मध्ये अल्जीरियातल्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत इस्लामिक साल्व्हेशन फ्रंटनं १८८ जागा जिंकल्या आणि जानेवारी १९९२ मध्ये लष्करानं निवडणूकच गुंडाळून ठेवली. कालिव्हास यांनी २००० साली लिहिलेल्या एका लेखात याची तुलना १८८४ च्या बेल्जियमशी केली. बेल्जियममध्येही एक धार्मिक पक्ष निवडून आला होता, विरोधकांना तिथेही धास्ती होती. मग तिथली लोकशाही का टिकली? त्यांचं उत्तर असं: धर्मात नेमकं काय लिहिलंय हा इथे प्रश्नच नव्हता. कॅथलिक चर्चमध्ये वरून खालपर्यंत एक उतरंड आहे. वरून आदेश आला की टोकाची भाषा करणारे गप्प बसतात, त्यामुळे पक्षाच्या शब्दावर विरोधकांना विश्वास ठेवता आला. अल्जीरियात मवाळ नेते एक बोलत होते, जहाल दुसरं, आणि दोघांना गप्प करणारा वरचा कोणी नव्हता. यातून लष्कराच्या कृतीचं समर्थन होत नाही. पण "मुसलमान आणि लोकशाही जमत नाही" या सोप्या वाक्याला हे शांतपणे दिलेलं उत्तर आहे.

निवडणूक गेली आणि अल्जीरियात यादवी पेटली. लाखाहून जास्त माणसं गेली. १९९७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये राजधानीजवळच्या राइस आणि बेन्तलहा या वस्त्यांत एकेका रात्रीत शेकडो माणसं कापली गेली, बायका-मुलंही. जग म्हणालं, वेडेपणा. १९९९ मध्ये कालिव्हास यांनी लिहिलं की हा वेडेपणा नाही, यात थंड डोक्याचा हिशोब आहे. या वस्त्या काही वर्षांपूर्वी बंडखोरांच्याच बाजूच्या होत्या. त्या सरकारकडे झुकू लागल्या, तेव्हा बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून हे झालं, असं त्यांचं म्हणणं. या हत्यांमागे खरं कोण होतं, लष्कराचा हात किती, हा वाद अल्जीरियात आजही मिटलेला नाही, हेही इथे सांगायला हवं. पण त्यांचा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मारणारा कुठलाही झेंडा घेऊन आलेला असो, त्याला सामान्य माणसाकडून काहीतरी हवं असतं. ते काय असतं?

याचा शोध घ्यायला ते परत आपल्या देशात गेले. ग्रीसच्या दक्षिण भागात आर्गोलिडा नावाचा जिल्हा आहे, संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागांचा. १९४१ मध्ये जर्मनीनं ग्रीस ताब्यात घेतलं. डाव्यांच्या पुढाकारानं प्रतिकाराची चळवळ उभी राहिली आणि १९४३ मध्ये जर्मनांच्या मदतीनं ग्रीकांच्याच 'सुरक्षा बटालियन' उभ्या केल्या गेल्या. म्हणजे परक्याशी लढता लढता ग्रीक ग्रीकाला मारू लागला. एकच भाषा, एकच चर्च, एकमेकांच्या घरी लग्नसंबंध. कालिव्हास या भागातल्या साठेक गावांत फिरले. म्हाताऱ्या माणसांना भेटले, कोर्टाचे जुने कागद उघडले, कोण कुठे, कधी आणि कोणाच्या हातून मेला, याची गावनिहाय नोंद केली. या मेहनतीतून २००६ मध्ये 'द लॉजिक ऑफ व्हायलन्स इन सिव्हिल वॉर' हे पुस्तक आलं. गृहयुद्धाच्या अभ्यासात आज या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

पुस्तक जाडजूड आहे, पण गाभा फळ्यावर मांडता येतो. पाच चौकोन काढा. पहिल्या चौकोनातल्या गावावर सरकारी फौजेचा पूर्ण ताबा. पाचव्यावर बंडखोरांचा पूर्ण ताबा. दुसऱ्यात सरकारचा जोर जास्त, पण रात्री बंडखोर येऊन जातात. चौथ्यात बंडखोरांचा जोर, पण अधूनमधून फौज येते. तिसऱ्यात दोघं तोडीस तोड.

आता सांगा, सगळ्यात जास्त माणसं वेचून कुठे मारली जातील? वर्गात विचारलं तर सगळे म्हणतील तिसऱ्यात, जिथे टक्कर जोराची. कालिव्हास यांचं उत्तर उलटं आहे. वेचून मारायचं तर नाव लागतं, आणि नाव गावातलाच माणूस देतो. तिसऱ्या चौकोनात नाव द्यायला कोणी धजावत नाही. आज मी तुझं नाव दिलं तर उद्या तुझा भाऊ दुसऱ्या बाजूला माझं नाव देईल, ही भीती. पहिल्या आणि पाचव्या चौकोनात ताबा इतका पक्का असतो की विरोध करण्याची कोणाची हिंमत नसते, मग मारण्याची गरजही कमी. वेचून मारणं सर्वांत जास्त होतं ते दुसऱ्या आणि चौथ्या चौकोनात. तिथे फितुरीचा संशय आहे आणि नाव देणाऱ्याला संरक्षणही आहे. आर्गोलिडाच्या गावांच्या नोंदी मोठ्या प्रमाणात याच चित्राशी जुळल्या.

उर्दूत याला मुखबिरी म्हणतात, मराठीत खबर देणं. पुस्तकाचा खरा धक्का इथेच आहे. मुखबिरी करणारे सगळे काही विचारसरणीसाठी करत नव्हते. कोणाचा बांधाचा वाद होता, कोणाला सोयरीक मोडल्याचा राग, कोणाला दुसऱ्याचं दुकान खुपत होतं, कोणी भावाशीच वाटणीवरून बिघडलेला. शांततेच्या काळात अशा माणसानं फार तर कोर्टात दावा लावला असता, चारचौघांत वाईटसाईट बोलला असता. युद्धानं त्याच्या हातात एक हत्यार दिलं. त्याला स्वतःला कोणाला हात लावायचा नव्हता, नुसतं एक नाव सांगायचं होतं. वर जाताना तेच नाव "देशद्रोही" नाहीतर "क्रांतीचा दुश्मन" बनायचं. २००३ च्या एका लेखात त्यांनी हेच मांडलं की वरचं राजकारण आणि खालचे वैयक्तिक हिशोब एकमेकांचा वापर करून घेतात. वरच्यांना माहिती मिळते, खालच्यांना सूड. आणि इतिहासाच्या पुस्तकात फक्त वरचं नाव राहतं.

नाव मिळत नाही तिथे काय होतं? मग सरसकट मारतात. गाव जाळतात, आकाशातून बॉम्ब टाकतात. कालिव्हास यांचं म्हणणं, ही पद्धत मारणाऱ्याच्याच अंगावर उलटते. निर्दोष राहूनही जीव वाचणार नसेल, तर माणूस निदान संरक्षण देणाऱ्याकडे जातो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कर दर महिन्याला वस्तीनिहाय नोंद ठेवायचं, कोणती वस्ती किती ताब्यात आहे याची. मॅथ्यू कोचर आणि थॉमस पेपिन्स्की यांच्यासोबत कालिव्हास यांनी १९६९ ची ही आकडेवारी तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला. ज्या वस्त्यांवर जास्त बॉम्ब पडले, त्या अमेरिकेच्या बाजूच्या ताब्यातून निसटून बंडखोरांकडे जास्त गेल्या. म्हणजे अमेरिकेच्याच वहीत अमेरिकेची चूक लिहून ठेवलेली होती.

२०१८ मध्ये त्यांनी जिहादी म्हणवणाऱ्या सशस्त्र गटांवर लिहिलं. तोवर या गटांवर लिहिणारे बरेचजण थेट धर्मग्रंथ उघडून बसायचे. कालिव्हास यांनी त्यांना शीतयुद्धाच्या काळातल्या मार्क्सवादी क्रांतिकारी गटांशेजारी ठेवलं. जग उलथवण्याचं स्वप्न, कडक संघटना, देशाबाहेरून येणारे स्वयंसेवक, ताब्यातल्या भागात स्वतःचा कारभार, ही साम्यं त्यांनी दाखवली. धर्माला महत्त्वच नाही असं ते म्हणत नाहीत. पण देव न मानणारेही याच वाटेनं गेले, हे आठवलं की दाढी आणि टोपी पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांची पंचाईत होते.

आता दुसरी बाजू. कालिव्हास यांच्यावर टीका कमी झालेली नाही, आणि ती लपवून त्यांची ओळख करून देणं प्रामाणिक ठरणार नाही. २००० साली त्यांनी ग्रीसमधल्या डाव्यांनी जर्मन ताब्याच्या काळात केलेल्या हत्यांवर लेख लिहिला. ग्रीसमध्ये यादवी संपल्यावर डाव्यांनी अनेक वर्षं तुरुंग आणि हद्दपारी सोसली होती, त्यांच्या प्रतिकाराला सरकारी मान्यता मिळायला १९८२ उजाडलं. अशा वेळी हा माणूस प्रतिकार करणारा आणि परक्यांचा हस्तक यांना एकाच तराजूत तोलतो, असा आरोप झाला. वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं वाद चालला. आक्षेप हलका नाही. बंदूक उचलण्याचं कारण न्याय्य होतं की अन्याय्य, हा प्रश्न आकड्यांत विरघळता कामा नये. पण आमच्या मते, आपल्या बाजूनं सांडलेलं रक्तही मोजणं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ठरवणं नव्हे.

दुसरा आक्षेप त्यांच्याच विद्यार्थिनीकडून आला. लाया बाल्सेल्स यांनी स्पेनच्या यादवीवर २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की जिथे समोरासमोर सैन्यं उभी असतात, तिथे युद्धाआधीचं राजकीय वैर मोठी भूमिका बजावतं, नुसत्या ताब्याच्या हिशोबानं चित्र पूर्ण होत नाही. गुरूला दुरुस्त करणारी शिष्या मिळाली, यात गुरूचाही मान आहे.

तिसरी मर्यादा त्यांनी स्वतःच आखून दिली आहे. त्यांचा सिद्धांत लोकांवर राज्य करण्यासाठी केलेल्या हिंसेचा आहे, लोकांना नाहीसं करण्यासाठी केलेल्या हिंसेचा नाही. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार बोस्नियाक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, ते कोणा शेजाऱ्याच्या बांधाच्या भांडणातून नाही. तो वरून ठरवलेला वंशसंहार होता. गाझाचा प्रश्न तर यादवीचा नाहीच. तिथे ही फूटपट्टी लावू नये.

मग सुदानचं काय? १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये लढाई सुरू झाली, ती जनरल बुरहान यांचं लष्कर आणि हमदान दगालो ऊर्फ हेमेती यांचं निमलष्करी दल यांच्यात. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, याच दोघांनी मिळून नागरी सरकार उलथवलं होतं. म्हणजे भांडण खुर्चीचं आणि खजिन्याचं, यात शेकडो वर्षांचं वैर कुठून आणायचं? पण खुर्चीचं भांडण खाली गल्लीत उतरलं की काय होतं, ते पाहा. २०२५ च्या सुरुवातीला लष्करानं वद मदनी आणि मग खार्तूम परत घेतलं. लोक आनंदानं रस्त्यावर आले. आणि त्याच दिवसांत, हा दुसऱ्या बाजूला सामील होता, असा ठपका ठेवून सामान्य माणसांना ठार केल्याच्या बातम्या आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार प्रमुखांनी त्यावर जाहीर चिंता व्यक्त केली. ताबा बदलला, आणि नावं सांगणारे पुढे आले. आर्गोलिडाचा दुसरा चौकोन नाईल नदीच्या काठी दिसला.

दारफुरमध्ये तर याहून भयंकर. ऑक्टोबर २०२५ मध्ये दीड वर्षाच्या वेढ्यानंतर अल-फाशिर निमलष्करी दलाच्या हाती पडलं. तिथे जमात पाहून मारल्याच्या साक्षी बाहेर आल्या. हा प्रकार मुखबिरीच्या पलीकडचा आहे, स्रेब्रेनित्साच्या बाजूला झुकणारा. एकाच देशात, एकाच युद्धात दोन वेगळ्या जातीची हिंसा चालू आहे. एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून गेली आहेत. "मुसलमान मुसलमानाला मारतोय" या वाक्यात यातलं काहीच मावत नाही.

हे दूरच्या देशांपुरतं आहे असंही समजू नका. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला एक बातमी पाठ झालेली आहे: गडचिरोलीत पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून आदिवासीची नक्षलवाद्यांकडून हत्या. वर्षानुवर्षं ही बातमी येत राहिली. दिवसा पोलीस, रात्री दलम, मधे गाव. मारला गेलेला माणूस खरंच खबऱ्या होता, की कोणी जुना राग काढला, हे बहुतेकदा बातमीत नसतंच. कालिव्हास यांचं पुस्तक वाचल्यावर ती चार ओळींची बातमी आम्हाला वेगळी दिसू लागली. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, गडचिरोलीच्या त्या गावांत हिंदू-मुसलमान हा प्रश्नही नाही.

आठ दिवसांनी आम्ही वर्गात पाच चौकोन काढले. मुलांना गाव दिलं, दोन फौजा दिल्या, बांधाचं भांडण दिलं. मुलांनी स्वतःच हिशोब केला. मागच्या बाकावरचा तो मुलगा बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे बंदूकवाला आंधळा असतो. नाव सांगणाऱ्याशिवाय त्याला दिसत नाही."

आम्ही म्हणालो, "अर्धं बरोबर. आंधळा झाला की तो सगळ्यांवरच गोळ्या चालवू शकतो, हेही पाहिलं ना आपण? युद्ध सुरू करणाऱ्याचा गुन्हा सगळ्यात मोठा, तो शेजाऱ्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही."

"पण सर, नाव सांगितलंच नाही कोणी, तर?"

याचंही उत्तर त्या पुस्तकात आहे. आर्गोलिडात काही ठिकाणी गावच्या कारभाऱ्यांनी आपल्या माणसांची नावं पुढे जाऊ दिली नाहीत. समोरचा विरोधी विचाराचा असला तरी आमच्या गावचा आहे, म्हणून पाठीशी घातलं. तिथली माणसं वाचली. हे कोणी मोठे पुढारी नव्हते, पाटील-सरपंचाच्या पातळीचे लोक होते.

पालकांना आम्हाला एवढंच सांगायचं आहे. मूल असा प्रश्न घेऊन आलं तर त्याला गप्प करू नका, आणि दोन तयार उत्तरांपैकी एक हातात देऊन मोकळेही होऊ नका. त्याला विचारा, कोणाचा ताबा होता, नाव कोणी दिलं, फायदा कोणाचा झाला. आणि घरात आपण कोणाबद्दल काय बोलतो, खातरी नसताना कोणाचा फोटो आणि कोणाचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतो, तेही मूल पाहत असतं. आपल्याकडे युद्ध नाही, अल्लाहचे आभार. पण नाव सांगण्याची सवय युद्धाच्या आधीच लागते.

त्या दिवशी तास संपल्यावर आम्ही फळा पुसायला गेलो. मुलांनी सांगितलं, "राहू द्या सर, दहावीच्या मुलांना पण दाखवायचंय." चौकोन दोन दिवस तसेच राहिले.